कुठूनतरी हवा घेतेय

नळीकाका प्रत्येक सोसायटीत असतातच. तुमच्याकडे दिसले नसतील, तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एखादी जुनी गाडी चालू करा आणि बोनेट उघडा. दोन मिनिटांत हजर. अंगात बनियन, पायात बाथरूम स्लिपर आणि डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवतात तशी गळ्यात हातभर रबरी नळी.

ठाण्यातल्या एका नळीकाकांकडे चाळिशी उलटलेली प्रीमियर पद्मिनी आहे. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. त्यांच्या लेखी गाडीला एकच रोग होतो. पिकअप नाही, सिग्नलला थरथरते, पेट्रोल खाते, सकाळी रुसते, तुम्ही काहीही सांगा, ते नळीचं एक टोक कानाला लावतात, दुसरं इंजिनावर फिरवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “कुठूनतरी हवा घेतेय.”

आता, तो रोग खोटा नाही. इंजिनाने हवा कार्बोरेटरमधूनच घ्यावी, पेट्रोलच्या हिशेबात घ्यावी. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, असा तो हिशेब. पण कार्बोरेटरखालचं गॅस्केट कडक झालं किंवा एखादी नळी तडकली, की तिथून फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे आतली ओढ सगळ्यात जास्त. म्हणून गाडी सिग्नलला मरायला टेकते आणि रस्त्यावर बऱ्यापैकी धावते. चोक ओढल्यावर गाडी शहाण्यासारखी चालली, तर नळीकाका तुमच्याकडे विजयी मुद्रेने बघतात. चोकने पेट्रोल वाढलं, चोराची भरपाई झाली!

पूर्वी ते सांध्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारत. जिथे मारल्यावर इंजिनाचा सूर बदलेल, तिथे गळती. पद्धत जगमान्य आहे, फक्त स्प्रे पेट घेतो. एकदा त्याने घेतला. काकांची उजवी भुवई गेली आणि क्लीनरच्या जागी इस्त्रीची पाण्याची बाटली आली. पाण्याने भोक क्षणभर बुजतं, सूर तेवढ्यापुरता सावरतो. बाटली सापडली नाही म्हणून काकूंनी किती साड्या चुरगळलेल्या नेसल्या, हा वेगळा विषय.

गॅस्केटचे नट आवळणाऱ्या फिटरांवर त्यांचा विशेष राग. जोर लावून आवळलं की कार्बोरेटरचा तळच वाकतो, मग गॅस्केटं कितीही घाला. शेजाऱ्यांच्या मारुतीत मात्र त्यांनी तीन रविवार हवा शोधली. चौथ्या रविवारी गॅरेजवाल्याने पॉइंट घासले आणि गाडी सुरळीत चालू लागली. “ते ठीक आहे,” काका म्हणाले, “पण थोडी हवा घेतेच.”

घरातही तेच. कुकर फुसफुसला की, “रिंग बघ, हवा घेतेय.” काकू सांगत, कुकर वाफ बाहेर टाकतो, आत काही घेत नाही. “तत्त्व एकच,” काका म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण ऐकूनही तेच निदान: आवाज मोठा, ओढ नाही, कुठूनतरी हवा घेतेय. यात मात्र त्यांचं फारसं चुकलं नसावं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं. नळीकाका त्याच्या आठवडाभर आधी मुंबईला जाऊन एक पद्मिनी टॅक्सी गाठून आले. लोक गाडीबरोबर फोटो काढत होते, यांनी ड्रायव्हरला बोनेट उघडायला लावलं. परत आल्यावर काकूंनी विचारलं, “कशी होती हो?” काका बराच वेळ बूट काढत बसले. “हवा घेत होती,” म्हणाले.

कुकरबद्दल मात्र गेल्या दिवाळीपासून त्यांनी चकार शब्द काढलेला नाही. आधी काकूंना बरं वाटलं. मग एकदा रिंग खरंच फाटली, स्वयंपाकघरभर सूं सूं चाललं होतं आणि काका शेजारीच पेपर वाचत होते. वयाने कान जातात ते बारीक, उंच आवाजांपासून. गळतीचा आवाज नेमका तोच.

हल्ली दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी असते. नळीचं एक टोक तिच्या कानाशी, दुसरं काकांच्या हातात. काका इंजिनाकडे बघत नाहीत, तिच्या चेहऱ्याकडे बघतात.

“इथे?”

“नाही.”

“इथे?”

“काका, साप!”

काकांनी त्या जागी बोट दाबलं. दुसरा हात मडगार्डवर होता. पत्र्याची थरथर थांबलेली त्या हाताला कळली. त्यांनी मान डोलावली आणि खिशातून पाना काढला.

वर कुणाचा तरी कुकर फुसफुसत होता. मुलीने नळी बाजूला केली आणि मान वर केली.

“काका, तिकडे पण हवा घेतेय.”