अजून बघायलोय

सोलापुरात चादरीचे दुकान म्हटले की गल्ल्यावर मालक आलेच. वय पंचावन्नच्या पुढे, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, खिशाला दोन पेने आणि त्यातले एक कायम वाळलेले. हल्ली या मालकांत एक नवी पोटजात निपजली आहे. दुकानाच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर आधी लावून ठेवलेल्या पोस्ट वेळेवर आपोआप टाकणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याचा शोध घेणे हे तिचे एकमेव लक्षण. ‘घेतलं का मालक?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘अजून बघायलोय.’

आमच्या शेजारचे मालक म्हणजे या पोटजातीचे कुलभूषण. रोग लागला तो दिवाळीत. पुण्याहून पुतण्या आला आणि फराळाच्या ताटावर म्हणाला, ‘काका, आता रोज एक पोस्ट पाहिजे. महिन्याभराच्या एकदम लावून ठेवायच्या, मशीन आपोआप टाकतं.’ एवढ्या वाक्यातून मालकांनी एकच शब्द उचलला. मशीन. ज्या गावात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली आणि जिथले संसार गिरणीच्या भोंग्यावर उठले-बसले, त्या गावच्या माणसाला ‘पोस्ट’ कळायला वेळ लागतो. ‘मशीन’ लगेच कळते. आणि मशीन घ्यायची तर दहा ठिकाणी बघून घ्यायची, हे वडिलांनी शिकवलेलेच होते. पुतण्या हुतात्मा एक्सप्रेसने परत गेला. मालक बघायला बसले.

यासाठी त्यांनी स्वतंत्र चोपडी घातली आहे. तीच ती लाल कापडाची, लांबट, आडवी उघडणारी. पहिल्या पानावर ‘श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न’, खाली हळदी-कुंकवाची बोटे. दुसऱ्या पानापासून हिरव्या शाईत रकाने आखलेले : नाव, गाव, धनी कोण, फुकट किती, पुढे किती, मराठी येते का, फोन उचलतात का, शेरा. ‘गाव’ आणि ‘धनी’ हे रकाने जगातल्या कुठल्याही तुलनेत सापडणार नाहीत. मालकांच्या मते मात्र बाकीचे सगळे रकाने नंतरचे. सूत घेताना आपण आधी काय विचारतो?

पहिली नोंद हूटसूटची. गाव व्हँकुव्हर, साल २००८. शेरा : ‘घुबड.’ या कंपनीचे चिन्ह घुबडाचे आहे, हे मालकीणबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि दुकानाच्या संगणकावर सकाळच्या प्रहरी घुबड उघडायचे नाही असा हुकूम काढला. मालकांनी दोन दिवस अभ्यास करून बंगालात घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानतात, हे शोधून काढले. ‘मग बंगालात दुकान काढा,’ असा निकाल लागला. तेवढ्यात या कंपनीने फुकटची योजना २०२३ सालीच बंद केल्याचे कळले आणि गृहकलह आपोआप मिटला.

दुसरी नोंद बफरची. साल २०१०. यांची फुकटची योजना चालू आहे. तीन खाती जोडता येतात आणि प्रत्येक खात्यावर एका वेळी दहा पोस्ट रांगेत लावून ठेवता येतात. मालकांनी नाराजीने मान हलवली. ‘दहाच? दहात काय होतंय?’ त्या दिवशी मालकांच्या पानावर एकूण पोस्ट एक होती. दुकानाच्या पाटीचा फोटो, तोही आडवा.

तिसरी झोहोची. ही कंपनी चेन्नईची, म्हणून मालक भलतेच खूश झाले. ‘धनी’च्या रकान्यात संस्थापक श्रीधर वेंबू. खेड्यात राहतात, साधे राहतात, हे सगळे त्यांनी आम्हाला सोयरीक सांगावी तसे सांगितले. ‘आणि काही अडलं तर?’ आम्ही विचारले. ‘मेल करायचा. नाही ऐकलं तर मद्रास मेल आहेच की, इथूनच जाते.’

चौथी नोंद मेटा बिझनेस सूटची. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांचेच स्वतःचे साधन, दोन्हीकडे वेळ लावून पोस्ट टाकता येते आणि पैसा लागत नाही. मालकांना हवे होते ते सगळे या एका ओळीत होते. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आहे. शेरा : ‘फुकट. खोट असणार.’ खुलासा विचारला तर म्हणाले, ‘सेलमध्ये आपण कुठला माल काढतो, आपल्याला माहीत नाही होय?’

ज्या साधनांना पैसे पडतात त्यांतल्या बऱ्याच जागी थोड्या दिवसांची फुकट चाचणी असते. इथे मालकांचा खरा कस लागतो. पहिला दिवस पासवर्ड ठरवण्यात जातो, दुसरा तो विसरण्यात. मग लग्नसराई येते, मग गड्ड्याची यात्रा येते, आणि मुदत संपल्याचे पत्रच आधी येते. पण मालक हार मानत नाहीत. नवा ईमेल, नवी चाचणी. स्वतःचे झाले, मालकीणबाईंचे झाले, दुकानातल्या दोन पोरांचे झाले. सध्याची चाचणी कैलासवासी आजोबांच्या नावावर चालू आहे. आजोबांना रोज सकाळी ‘तुम्ही अजून पहिली पोस्ट केलेली नाही’ असे स्मरणपत्र येते.

मध्यंतरी वेळ-विभाग निवडायचा प्रसंग आला. यादीत सोलापूर नाही, पुणे नाही, मुंबईसुद्धा नाही. भारतासाठी एकच गाव आहे, कोलकाता. मालक आठवडाभर तिथेच थांबले. पोस्ट आधी बंगालात जाऊन मग इकडे येणार असेल, तर तेवढ्यात इथले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही त्यांची भीती. शिवाय घुबडाचे प्रकरण ताजे होते.

पण सगळ्यात खोल पाणी म्हणजे ‘पोस्ट टाकण्याची उत्तम वेळ’. ही साधने तुमचा वाचक कधी जागा असतो याचा अंदाज बांधून वेळ सुचवतात. शंभराहून जास्त वर्षे दाते पंचांग ज्या गावातून निघते आणि साऱ्या महाराष्ट्राची लग्ने-मुंजी ज्याच्या मुहूर्तावर लागतात, त्या गावच्या माणसाला परदेशी मशीनने मुहूर्त सांगावा, हे मालकांना पटत नाही. त्यांनी स्वतःच हिशेब मांडला. नळाला पाणी ज्या दिवशी यायचे त्या दिवशी बायका मोबाइलला हात लावत नाहीत, तो दिवस बाद. तोसुद्धा पेठेपेठेत वेगळा, म्हणून जुळे सोलापूरची पोस्ट वेगळी, अशोक चौकाची वेगळी. दुपारी एक ते चार गाव झोपते. संध्याकाळी पार्क चौपाटी. सोमवारी सिद्धेश्वराचे दर्शन. आषाढीला अर्धा जिल्हा पंढरपुरात. पावसाळ्यात टॉवेल विचारतात, थंडीत चादर, आणि लग्नात द्यायला दोन्ही. हे सगळे मालकांनी चोपडीच्या शेवटच्या पानावर न अडखळता, एका बैठकीत लिहून काढले. एवढे नेमके वेळापत्रक जगातली कुठलीही कंपनी त्यांना देऊ शकली नसती. पान उलटून मालकांनी पाचव्या साधनाची नोंद सुरू केली.

या काळात दुकानाचे काही अडले असे नाही. हिशेब लिहिणारी मुलगी एक दिवस मागावर गेली होती. तिथे नुकतीच उतरलेली लाल-निळी चादर विणकराने उन्हात धरली, काठात विणलेले दुकानाचे नाव स्वच्छ दिसत होते. तिने फोटो काढला, आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावला आणि खाली लिहिले, ‘आज मागावरून उतरली.’ संध्याकाळपर्यंत हीच चादर मागत माणसे दुकानात. मालकांनी माल दिला, पैसे घेतले आणि मुलीला कौतुकाने विचारले, ‘हे कुठल्या सॉफ्टवेअरमधून केलं?’

‘बोटानं,’ ती म्हणाली.

मालकांनी चोपडी उघडली आणि नाव विचारायला लागले. गाव? धनी?

तिथे चहा पीत बसलेल्या जुन्या विणकरालाच शेवटी राहवले नाही. ‘मालक, जकार्डचा माग आहे की आपला. भोकं पाडलेले पुठ्ठे लावले की नक्षी आपोआप उतरती, माणसाला बघावं लागत न्हाई. पण पुठ्ठ्यावर भोकं कुणीतरी आधी पाडाय लागतात. तुमी माग घ्यायलाव, नक्षी कुठाय?’

दुकानात कुणी बोलले नाही. मालकांनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर पाटावर नवी कोरी चोपडी, तिच्यावर कुंकू, आणि हिरव्या शाईत रकाने : नाव, गाव, धनी. नक्षी काढून देणारे सॉफ्टवेअर कोणते चांगले, याचा शोध सुरू झाला होता.

तुमच्या ओळखीत असे मालक असतील, आणि असतीलच, तर त्यांना एवढेच सांगा : आठवड्याला दोन पोस्ट टाकणाऱ्याला फुकटचे कुठलेही साधन चालते, एकही न टाकणाऱ्याला महागातले महागही पुरत नाही.