अंदाजे

अहो वहिनी, कढीपत्त्याच्या चार डहाळ्या द्या हो. आमटी फोडणीला टाकायचीय. आणि काल रात्री एक वाजता आमच्या हॉलमध्ये दिवा दिसला ना? दिसलाच असणार, तुमच्या नजरेतून काय सुटतंय! नातू जागा असेल असं वाटलं ना? तो कधीच झोपला होता. मीच खेळत होते.

हसताय काय! मीही समजत होते, गेम म्हणजे नुसतं ढिश्यांव ढिश्यांव. नाहीतर ते त्याचं आरपीजी. शंभर शंभर तास तलवारींचे गुण मोजा, पोतडी भरा, पातळ्या चढा, आणि गोष्ट आपली चमचाभर. परीक्षा आल्यावर तोच म्हणाला, आज्जी, मला असली हमाली नको, नुसती गोष्ट हवी, पण आत शिरता येईल अशी.

मग त्याने 'वेनबा' लावला. कॅनडातल्यांनी २०२३ मध्ये काढलाय. १९८८ सालचं टोरांटो, तमिळ जोडपं, आणि सगळा खेळ स्वयंपाकघरात! त्यातल्या बाईच्या आईची वही फाटलेली, अक्षरं पुसलेली, इडलीपात्राची चळत कशी लावायची ते आपणच ओळखायचं. दीडेक तासात संपतो. तिचा मुलगा कविन मोठा होतो आणि आईने तमिळमध्ये लिहिलेलं त्याला धड वाचता येत नाही, तिथे माझा चष्माच ओला झाला. तुम्ही बेळगावच्या, तुम्हाला मराठी-कानडी दोन्ही भाषा घरच्याच. आमच्याकडचं विचारा!

ह्यांना मात्र दुसराच आवडला, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. २०१८ चा, लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. लंडनहून १८०२ मध्ये निघालेलं जहाज १८०७ मध्ये माणसांशिवाय किनाऱ्याला लागतं, आणि आपण कोण, तर ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस! ह्यांचा जन्म विम्याच्या दाव्यांत गेला, मग काय विचारता. साठ जणांची नावं आणि प्रत्येकाचं काय झालं ते शोधायचं. तीन बरोबर आले की खेळ ते पक्के करतो. कुणी काही सांगत नाही हो. झोपायच्या झोळीवरचा नंबर बघा, पायातले मोजे बघा, कोण कुठल्या भाषेत ओरडतो ते ऐका. हे म्हणाले, फार अवघड आहे. मी म्हटलं, त्यात काय, पाच नंबरवाल्याची नोकरी गेली हे वहिनींनी त्याने कुंड्यांना पाणी घालायला घेतलं तेव्हाच ओळखलं होतं!

आपल्याकडे असे खेळ होतात का, म्हणता? होतात की! आमच्या पुण्याच्या नोडिंग हेड्सचा 'राजी', २०२० चा. आधी लोकांकडून पैसे जमवायला गेले ते जमले नाहीत, तरी नेटाने पुरा केला. कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत फिरते, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत असतात, अगदी आपण कुंपणावरून बोलतो तसे. शेवट तेवढा अर्धवट सोडलाय, तो राग आहेच माझा.

आपल्या बंगळुरात तर ध्रुवा कंपनी कित्येक वर्षं परदेशी खेळांसाठी मोटारी, चित्रं, काय काय घडवून द्यायची. २०१९ मध्ये रॉकस्टार नावाच्या परदेशी कंपनीने ती विकत घेतली. म्हणजे रंगवायचं इथल्या पोरांनी आणि गोष्ट परक्याची, हे काही मला पटत नाही.

पण गंमत सांगायची राहिलीच. 'वेनबा' संपल्यावर नातवाने माळ्यावरून माझी वही काढली. एकेक अक्षर लावत बसला आणि म्हणाला, आज्जी, मीठ अंदाजे, तिखट अंदाजे, पाणी अंदाजे. हे अंदाजे म्हणजे किती ग्रॅम गं?

अहो, अख्खी फांदी काय तोडलीत! चार डहाळ्या म्हटलं होतं ना. थांबा, कुकरची तिसरी झाली का हो? की चौथी?