आधी डाग ओळखा

घरच्या घरी सफाईची द्रावणं बनवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. चांगलं आहे. पण बाटलीत काय भरलंय आणि समोरचा डाग कशाचा आहे, हे माहीत नसेल तर सगळी मेहनत मोरीत वाहून जाते. म्हणून काही गोष्टी थेट सांगतो.

पहिली गोष्ट, सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं बंद करा. व्हिडिओत फेस उसळताना छान दिसतो, पण तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारतात. मागे उरतं पाणी आणि थोडं सोडियम अ‍ॅसिटेट. डाग जागेवरच राहतो. हेच दोन पदार्थ वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाला येतात. ओट्यावरच्या तेलकटपणाला आणि कढईच्या बुडाला खाण्याचा सोडा. तोटीवरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर किंवा लिंबू. देवघरातल्या तांब्या-पितळेला चिंच, कारण चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूवरचा काळपट थर विरघळवतं. आजीला हे नाव ठाऊक नव्हतं, पण कुठल्या डागाला काय लावायचं हे पक्कं ठाऊक होतं.

तो पांढरा थर छत्रपती संभाजीनगर शहरात घरोघरी आहे. जायकवाडी धरणाचं पाणी अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदाच पाहिलंय. मधले दिवस बोअर आणि टँकरवर काढलेत. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून चिकट साका धरतो, फेस येत नाही, मग आपण आणखी साबण लावतो आणि तो काढायला आणखी पाणी ओततो. टंचाईच्या गावात हा उधळेपणा परवडणारा नाही.

इथे रिठा कामाला येतो. त्यातलं सॅपोनिन जड पाण्यात साबणासारखा साका धरत नाही. रिठे रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, कुस्करा, गाळा. पैठणी आणि हिमरूच्या या मुलखात रेशमाला रिठा लावायची रीत उगाच पडलेली नाही: धुण्याच्या सोड्यातली तीव्र अल्कली रेशमाचा धागा कमजोर करते, रिठा सौम्य आहे. मात्र हे पाणी लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. आणि डोळ्यांपासून दूर ठेवा, भयंकर झोंबतं.

आता सालींच्या बायो-एन्झाइमकडे वळू. जालना आणि संभाजीनगर हा मोसंबीचा पट्टा आहे. ज्यूसच्या गाड्यांमागे सालींचे ढीग पडतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, मुदत तीन महिने. बरणी काचेची नको, प्लास्टिकची घ्या, वर मोकळी जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करा. आत वायू साठतो आणि बंद बरणी फुटते. गाळलेलं आंबट द्रावण पाणी घालून वापरा. शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी 2018 मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर रस्त्यारस्त्यावर सडू लागलं. ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ओली साल घरातच जिरवण्याची किंमत वेगळी समजावायला नको.

पण याच द्रावणावर भलते दावे लादू नका. ते जंतुनाशक नाही. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर संडास ब्लीचनेच धुवा. हे द्रावण नदीत ओतून नदी शुद्ध होते असंही सांगितलं जातं. त्यातला सेंद्रिय अंश कुजताना पाण्यातला प्राणवायूच खातो. तेव्हा नदीत ओतू नका.

आणि जे आंबट आहे ते दगड खातं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे, जुन्या ओट्यांवर कडप्पा आहे. दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर आणि मोझाइकही त्याच भावकीतले. लिंबू, व्हिनेगर, बायो-एन्झाइम यांपैकी काहीही त्यांची झिलई उतरवतं. तिथे साध्या पाण्यात थोडा रिठा पुरे. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्स आम्ल सोसतात. आपला दगड कुठला हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, काही मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज पडली तर लिंबाची बाटली तिथून हलवा.

सगळ्यात गंभीर इशारा: ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कुठल्याही आम्लात मिसळू नका. संडासाचं अ‍ॅसिड तर नाहीच, पण घरचं व्हिनेगर आणि लिंबूही नाही. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून आम्लाचा गुण बदलत नाही. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरून ठेवू नका. घरात पोरं असतात.

एवढी यातायात कशासाठी? आपलं सांडपाणी जातं कुठे, ते पाहा. गटारांचं पाणी खाम नदीत उतरतं. खाम बेगमपुऱ्याजवळून, पाणचक्कीजवळून वाहत पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, मिळते. त्याच नाथसागरातून आपलं पिण्याचं पाणी उपसलं जातं. मोरीत ओतलेला प्रत्येक पेला परतीच्या वाटेला लागतो. शहरात काही वर्षांपासून खामच्या पुनरुज्जीवनाचं काम चालू आहे; काठ साफ झाले, झाडं लागली. पण नदीत काय सोडायचं हे शेवटी आपल्या मोरीवर ठरतं. महापालिकेने सांडपाणी शुद्ध करायचंच आहे, ती जबाबदारी तिची, आणि ती तिच्याकडून मागायलाच हवी. तरी रोज ओतायचं अ‍ॅसिड आणि गरजेपेक्षा दुप्पट धुण्याची पावडर कमी करण्यासाठी कुणाच्या निविदेची वाट पाहावी लागत नाही.

या आठवड्यात एकच करा. मोरीखालच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढा आणि प्रत्येकीला विचारा, तू कुठला डाग काढतेस? जिला उत्तर नाही, ती पुन्हा विकत आणू नका.