मंद आचेवरचे उपकार

'कॉडल' हे इंग्रजी क्रियापद मुळात स्वयंपाकघरातले. खळखळून उकळी येऊ न देता मंद आचेवर हलके शिजवायचे, ते कॉडल करणे. अंडी आजही अशी करतात. पण माणसांना गरजेपलीकडे जपणे, या अर्थाचे त्याचे एक फार जुने उदाहरण जेन ऑस्टिनच्या १८१५ सालच्या 'एमा' कादंबरीत आहे. तब्येतीवरून टोकणाऱ्या बायकोला जॉन नाइटली बजावतो, की हे कॉडलिंग तिने स्वतःपुरते नि पोरांपुरतेच ठेवावे. लेकी बोले सुने लागे, तसे हे बोलणे खरे तर सासऱ्याला, मिस्टर वुडहाउसना, आहे. जावई आजारी दिसतो हा शोध मुळात त्यांचा.  

वुडहाउस हे या क्रियापदाचे चालतेबोलते रूप. पाहुण्यांपुढे पंचपक्वान्ने मांडली, की यांचा जीव कासावीस होतो. म्हाताऱ्या मिसेस बेट्सना ते मऊ उकडलेले छोटेसे अंडे सुचवतात; इतरांना, धीर असेल तर, पातळ पेज. एकदा आजीबाईंच्या आवडीचे अॅस्परॅगस आणि मांसाचा एक नाजूक पदार्थ पानावर आला. अॅस्परॅगस नीट शिजलेले नाही, असे वाटून यांनी सगळेच परत पाठवले. आजीबाई हिरमुसल्या, पण याची वाच्यता करायची नाही असे त्यांनी आणि त्यांच्या लेकीने ठरवले. उपकारकर्त्याच्या मुलीला वाईट वाटू नये, ही काळजीही उपकृतांनीच वाहायची! या क्रियापदाला कर्म लागते. पण कर्माला काय लागते, हे कर्ता विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल, माणूस मनाचा निर्मळ आहे. आहेच, म्हणून तर त्याच्यापुढे कोणाचे चालत नाही. खाष्ट यजमानाच्या हातून ताट ओढून घेता येते, प्रेमळ यजमानापुढे हात जोडावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्या काळी साधा ताप जिवावर बेतायचा, मग धास्ती चुकीची कशी? धास्ती बरोबर, औषध चुकीचे. वुडहाउसना स्वतःला जड अन्न पचत नाही, आणि दुसऱ्याचे पोट वेगळे असू शकते यावर त्यांचा विश्वास नाही. लग्नाचा केक बाधतो, असे ते गावच्या वैद्याकडून, पेरीकडून, वदवून घेतात; पेरीचीच पोरे तो केक हाती घेऊन दिसल्याची बोलवा उठते, ती मात्र ते मानत नाहीत. ते दुसऱ्याला जपतात ते स्वतःच्या भीतीपासून, आणि ऑस्टिनबाई याचा पुरावा शेवटासाठी राखून ठेवतात. धाकट्या मुलीच्या, एमाच्या, लग्नाला काही केल्या राजी न होणारे वुडहाउस अखेर मान डोलावतात, ती तिच्या सुखाकडे पाहून नव्हे. शेजारच्या खुराड्यातल्या टर्की चोरीला जातात, आणि घरात एक दणकट जावई असलेला बरा, हे त्यांना एकाएकी पटते.