बिनपगारी अध्यक्ष

महाराष्ट्रात समुद्रकाठची दोन मुरुडे प्रसिद्ध आहेत, एक जंजिऱ्यापाशी आणि दुसरे दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे. आमचे लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड मात्र असे की, जेथे उन्हाळ्यात प्यावयाच्या पाण्याची मारामार असली तरी अध्यक्षांची टंचाई कधी भासलेली नाही. औषधविक्रेते, अडते, शिक्षक, वकील, पत्रकार, ज्याचा त्याचा संघ निराळा. आणि प्रत्येक संघास एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक सरचिटणीस व कोणी रुसू नये म्हणून मागाहून निर्माण केलेले एक मार्गदर्शक, असा सारा सरंजाम. ही मंडळी बिनपगारी असल्यामुळे हिशेब विचारणाऱ्यास ‘मी काय पगार घेतो का?’ हा बिनतोड जबाब हजर असतो.

औषधांच्या दुकानात हयात गेल्यामुळे आमच्या संघटनेच्या सभा मी निमूटपणे पाहत आलो आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी मुरुडावरून लातुरास जाऊ लागली, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावून जलसंकटावर तासभर भाषण केले, इंजिनास हार घालण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर करविला आणि गाडी आमच्या स्टेशनात थांबते की नाही याची चौकशी करण्यास एक उपसमितीही नेमली. खजिनदारांनी त्या सभेत तोंड उघडले नाही. परंतु सभेपूर्वी चुलत्याच्या बोअरवरून सायकलला अडकवून आणलेल्या दोन घागरी फडके बांधून त्यांनी दाराशी ठेवल्या होत्या, आणि भाषणाच्या उत्तरार्धापर्यंत श्रोते टिकून राहिले, याचे श्रेय त्या घागरींकडेच जाते.

पुण्यात 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा किमान 50 जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील त्यासच सभासद करून घ्यावे, असा दंडक तिच्या चालकांनी घातला होता. आणि वकिलीचा व्यवसाय सांभाळून त्या सभेसाठी झिजणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांना लोकांनी आपण होऊन ‘सार्वजनिक काका’ म्हटले. तो दंडक आज लागू केल्यास आमचे पुष्कळसे पदाधिकारी घरची माणसे, मेहुणे आणि दुकानातली पोरे मोजूनही तीसच्या पुढे जाणार नाहीत. लेटरहेड मात्र सर्वांचे बहुरंगी आहे.

खरी परीक्षा निवडणुकीनंतर लागते. कार्यकारिणी बदलली की 1950 च्या विश्वस्त कायद्यान्वये 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट रुजू करावा लागतो. त्यासाठी सभेची नोटीस, इतिवृत्त, ठरावाची नक्कल, नव्या मंडळींची संमतिपत्रे असा ऐवज जमवून लातूरच्या खेपा घालाव्या लागतात. या कामाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, सबब ते ‘पुढच्या महिन्यात’ ढकलले जाते. आणि मग दहा वर्षांपूर्वीचे, कदाचित कैलासवासी झालेले अध्यक्षही सरकारी दफ्तरी कायदेशीररीत्या कारभार पाहत असतात.

माझ्या मते उत्तम पदाधिकारी तो, जो पावतीपुस्तकाची स्थळप्रत जपतो, न आलेल्या सभासदास दुसऱ्या दिवशी दुकानी जाऊन ठराव समजावतो आणि मुदत संपताच दफ्तर, शिक्के, कपाटाची किल्ली पंचांसमक्ष यादीनिशी नव्या माणसाच्या हवाली करून मागल्या रांगेत जाऊन बसतो. यांपैकी शेवटचे कलम सर्वांत अवघड. भाषण आवरणारे अध्यक्ष मी पाहिले आहेत, किल्ली सोडणारे फार थोडे.

तेव्हा वाचकहो, आपल्या संघाची वार्षिक सभा जवळ आली असल्यास हार आणण्यापूर्वी उमेदवारास एवढेच विचारा की, मागचा चेंज रिपोर्ट कधी दाखल झाला. जो तारीख सांगेल त्यास निवडा, आणि जो भाषण सुरू करील त्यास मार्गदर्शक नेमा.