होडी घेतलीय म्हणे!

अहो वहिनी, ऐकलंत का, त्या होडीचं पुढे काय झालं ते? राहू द्या हो ते कपडे, वाळतील. इकडे या जरा, मोठ्याने बोलायची सोय नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या भावजींची होडी हो! एकट्यांची नाही. ते, त्यांचा मेव्हणा आणि ऑफिसातले एक जण, तिघांनी कॉन्ट्रिब्युशन काढलं आणि कोळीवाड्यातून जुनी फायबरची होडी उचलली, सेकंडहँड स्कूटरच्या भावात. त्या दिवशी त्यांच्या मिसेसचा तोरा बघायला हवा होतात! "रिसॉर्टवाले एका दिवसाचे केवढे घेतात? आम्ही आपले दर रविवारी खाडीत." मी नुसती मान डोलावली. होडी स्वस्तच असते हो, मशीन कुठे स्वस्त असतं? मागे लटकवायचं ते आउटबोर्ड होडीच्या दुप्पट पैशांना पडलं. तेही जुनं टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, पन्नासाला एक. फुल सोडलं की तासाला चारेक लिटर सहज पितं. करा हिशेब. शिवाय मेरीटाइम बोर्डाची नोंदणी, सर्व्हे, विमा, माणशी एक लाइफ जॅकेट… भावजींना वाटलं, घेतली होडी, ढकलली पाण्यात! अहो, शेजारी बीएआरसी. त्यात २००८ ला ते मेले अतिरेकी रबरी होडीतूनच बधवार पार्कला उतरले. तेव्हापासून इथे पाण्यात ओंडका तरंगला तरी त्याला कागदपत्रं विचारतील.

बरं, ठेवायची कुठे? आणली सोसायटीच्या आवारात. सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन उभे. त्यात रकाने दोनच, टू-व्हीलर आणि फोर-व्हीलर. चाकं मोजायला गेले तर एकही नाही! तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि पाणी? ते मशीन खाऱ्या पाण्यातून आलं की तसंच ठेवून चालत नाही, आतून गंजतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ड्रमभर गोड्या पाण्यात त्याचा पाय बुडवून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. इथे आपल्या नळाला करंगळीएवढी धार आणि हे मशीनला आंघोळ घालताहेत! तळमजल्यावरच्या काकू तर सरळ म्हणाल्या, "आमच्या सुनेला इतकं पाणी मिळत नाही." सून मागेच उभी होती हो…

तर काय सांगत होते, त्यांची ती खाडीतली सहल. पौष पौर्णिमा होती. भावजींच्या आई जुन्या शाळेतल्या, पावकी, निमकी, पाऊणकी सगळं तोंडपाठ. कालनिर्णय बघून म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ कळते. पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराला पाणी भरलं, की पुढे सहा तास उतरणार. आणि पुनवेचं उधाण आहे, चढतं तेवढंच उतरतं." भावजी म्हणाले, "आई, सगळं ॲपवर आहे." होतंच ॲपवर! भरती बाराच्या सुमाराला, हे बरोबर वाचलं आणि बाराच्या ठोक्याला मुलाबाळांसकट जेट्टीवरून निघाले. भरतीला निघायचं असतं ना, मग!

दक्षिणेला बीएआरसी, तिकडे फिरकायचं नाही. म्हणून वाशीच्या पुलाच्या दिशेने. वाटेत तिवरांच्या आत एक चिंचोळी वाट दिसली. काय ती शांतता, काय ती सावली! टाकला नांगर, उघडले वडे. गाणी काय, फोटो काय. तीनच्या सुमाराला मेव्हण्याचं लक्ष गेलं, दोन्ही बाजूंना चिखल वर आलेला. केलं मशीन सुरू. आता त्याच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते, मशीन थंड राहतंय याची खूण. ती धार दोनदा खोकली आणि बंद. चिखल ओढला होता आत! बंद केलं मशीन, वल्हं रोवलं. ते रुतलं ते रुतलंच, भावजींच्या हातात नुसती हवा. सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले.

कोळीवाड्यातल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "पाणी आल्यावर सुटाल आपोआप. तोवर खाली पाय टाकू नका कुणी, कमरेपर्यंत जाल." आणि फ्लेमिंगो! एरवी बघायला ऐरोलीच्या त्या सेंटरमधून तिकीट काढून जातात लोक. ओहोटीच्या चिखलातच त्यांचं खाणं, त्यामुळे हे रुतले आणि ते आले. होडीभोवती चोची खुपसत फिरत होते म्हणे, पार अंधार पडेपर्यंत. कुणी फोटो काढला नाही. मग डास. मुलांना लागली ना… त्याचं काय केलं ते मी विचारलं, पण कुणी सांगायला तयार नाही.

नऊच्या सुमाराला होडी हलली, दादा दोरी घेऊन आले, ओढत आणली. जेट्टीवर पुन्हा चौकशी, कागद दाखवा, इतक्या रात्री कुठून, मुलं पेंगुळलेली. घरी आई दारातच. वाटलं, आता पाऊणकी ऐकवणार. त्यांनी एवढंच विचारलं, "वडे पुरले का?" मिसेस तेव्हापासून गॅलरीत आलेल्या नाहीत.

आता ते ऑफिसातले गृहस्थ आपला हिस्सा काढताहेत, निम्म्या किमतीला. कोण घेणार हो असली… आमचे हे काल रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. जून-जुलै ती उलटी पडून राहणार, म्हणजे पेट्रोल दहाच महिन्यांचं, असं मलाच समजावत होते.

बरं वहिनी, तुमच्या गच्चीवर तो निळा ड्रम रिकामाच पडलाय ना? नाही, सहज विचारलं.