मंडळाची सरासरी आणि बांधावरचं नुकसान

सरकारी योजनांबद्दल शेतकरी समाधानी आहे का, असं विचारलं की लगेच पीएम-किसानचा हप्ता पुढे केला जातो. हप्ता थेट खात्यात येतो, मधे कोणी हात मारत नाही, हे चांगलंच आहे. पण केंद्राचे 2019 मधले वर्षाला 6,000 रुपये पुढेही 6,000च राहिले. राज्याने 2023 पासून तेवढेच जोडले, म्हणजे सगळं मिळून महिन्याला हजार. एवढ्यात खताचा खर्चही भागत नाही. समाधान विचारायचंच असेल तर पीक गेल्यावर विचारा.

खरीप 2025 ला महाराष्ट्राने एक रुपयातला पीक विमा बंद केला. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, हे खरं. शेतकऱ्याने पुन्हा दोन टक्के हप्ता भरावा, हेही समजू शकतं. पण त्याच फटक्यात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, न झालेली पेरणी हे सगळं विम्यातून काढून टाकलं. हप्ता वाढवला आणि संरक्षण घटवलं! उरला फक्त पीक कापणी प्रयोग. अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच भरपाई.

आणि नेमका त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरीला पूर आला. नदीकाठचं सोयाबीन पाण्याखाली कुजलं, शेंगांना कोंब फुटले, कुठे मातीच खरवडून गेली. त्याच मंडळात माळावरचं रान बरं पिकलं असेल, तर ते नदीकाठच्याची भरपाई अडवू शकतं. आधी त्याला 72 तासांत तक्रार करून स्वतःच्या शेताचा पंचनामा मागता येत होता. ती सोय गेली. उंबरठा ठरतो मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवर, त्याचेही 70 टक्के धरून. सतत दुष्काळ सोसणाऱ्या भागात तो उंबरठा आधीच खाली गेलेला असतो.

राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदत हवीच होती. पण हप्ता भरून घेतलेला विमा हा हक्क आहे. पॅकेज सरकारच्या मर्जीवर. शेतकऱ्याने दरवर्षी घोषणेची वाट का बघायची?

बोगस अर्ज करणाऱ्यांना जरूर पकडा. मात्र स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान ही दोन कलमं विम्यात कायमची हवीत, आणि त्यांचा पंचनामा बांधावर जाऊनच झाला पाहिजे.